बीपीला मूव्हमेंट ऑर्डर लागते का?

काल पहिला चहा यायच्या आधीच विलासरावांनी मोबाईल नाचवला. बीपी-शुगरसारख्या आजारावरही मिळणाऱ्या फौजेतल्या डिसेबिलिटी पेन्शनची (नोकरीमुळे आलेल्या अपंगत्वाची किंवा आजाराची पेन्शन) तीच बातमी, सगळ्यांनी वाचलेली. तरी त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवली. सरकारी खात्यात त्यांची हयात फायलींवर ‘त्रुटी’ लिहिण्यात गेली. चहातसुद्धा आधी त्रुटी काढतात, मग पितात.

“बीपी मलाही आहे, शुगरही आहे,” विलासराव म्हणाले. “मला देतं का कोण पेन्शन? देशसेवा म्हणून एक गोळीसुद्धा फुकट मिळत नाही.”

शंकरतात्या (हवालदार, मराठा लाइट इन्फंट्री, आता पेन्शनीत) बशीत चहा ओतत होते. ते काही बोलले नाहीत. बंडूचा चेहरा मात्र उतरला. त्याचा मेहुणा फौजेत नायक होऊन २०२१ ला घरी आला, तो बीपी घेऊनच. रिलीज मेडिकल बोर्डानं, म्हणजे फौज सोडताना तपासणाऱ्या डॉक्टरांनी, तीस टक्के अपंगत्व, तेही आयुष्यभरासाठी लिहिलं आणि खाली शेरा मारला की याचा सर्व्हिसशी संबंध नाही. का, तर आजार पीस स्टेशनला, म्हणजे सीमेपासून लांब शांत ठिकाणी असताना, सापडला.

आता तात्यांनी बशी खाली ठेवली. “आजार काय मूव्हमेंट ऑर्डर, म्हंजे बदलीचा हुकूम, घिऊन येतो व्हय? त्याच्या आधी तीन वर्सं पोरगं बर्फात हुतं, ते कुठं गेलं?”

“पण नियम—”

“नियमच सांगतो. भरतीला छाती मोजत्यात, दात बघत्यात, कानातला मळ काढून ये म्हणत्यात. ठणठणीत हाय म्हून त्यांच्याच डॉक्टरनं लिवलं. अन् सोळा वर्सांनी म्हणायचं, रोग घरनं आणलास?”

हे तात्यांच्या डोक्यातलं नाही. २०१३ साली धरमवीर सिंग प्रकरणात सुप्रीम कोर्टानं हेच सांगितलं. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सर्व्हिसमुळेच झाला असं धरायचं. नाही म्हणायचं असेल तर बोर्डानं कारण लिहायचं. नुसता शेरा चालत नाही.

विलासराव हार मानणारे नव्हेत. “सरकारी हिशोब तपासणाऱ्या कॅगनं काय म्हटलंय? ही पेन्शन घेणाऱ्यांत ऑफिसर लोकांचं प्रमाण जवानांपेक्षा किती जास्त! जाताना सगळे आजारी पडतात.”

मुद्दा अगदीच पोकळ नव्हता, हे मलाही मान्य.

“मग चोरी बंगल्यात झाली म्हून झडती आमच्या छपराची का?” तात्या म्हणाले.

बंडूला यातलं काही नको होतं, त्याला वाट हवी होती. मेहुण्याला पेन्शन नामंजुरीचं पत्र इंग्रजीत आलेलं. शेवटच्या ओळीत सहा महिन्यांत पहिलं अपील करा असं लिहिलेलं, पण तिथपर्यंत वाचतं कोण? मेहुण्यानं ते पेटीत टाकलं आणि पुण्यात सिक्युरिटीची नोकरी धरली. मध्ये एक एजंट भेटला. थकबाकीतला तिसरा हिस्सा मागत होता.

“त्याला आधी हाकल,” तात्या म्हणाले. “बोर्डाची सगळी कागदं माहितीच्या अधिकारात रेकॉर्ड ऑफिसकडनं, जिथं जवानाची कागदं ठिवत्यात, मागव. ती नसताना अपील म्हंजे बंदूक घरी ठिवून लढाई. कुठं पोस्टिंग हुतं, कवा, ते तारखंसकट लिव. उशीर का झाला तेबी लिव. पहिलं अपील फेटाळलं तर दुसरं. तेबी गेलं तर एएफटी, म्हंजे फौजेचं कोर्ट, आपलं मुंबईला हाय.”

“आणि थकबाकी?” मी विचारलं.

“उशिरा गेलं तर बहुतेक मागच्या तीनच वर्सांची. म्हून म्हंतो, पेटी उघड.”

मग तात्यांनी अपंगत्वाचे टक्के समजावले. वीसच्या खाली असतील तर हातात काही नाही. वीस ते पन्नासच्या मधले सगळे पन्नास धरतात. म्हणजे तीसचे पन्नास, आणि शेवटच्या पगाराच्या पंधरा टक्के दरमहा, आयुष्यभर. पूर्ण नोकरी करून घरी आलेल्यालाही हे लागू, ते सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या राम अवतार निकालानं. सप्टेंबर २०२३ नंतर सुटणाऱ्यांना नवे नियम, ते कडक. मेहुणा त्याआधी सुटला, एवढं नशीब.

“तीसचे पन्नास!” विलासराव किंचाळले. “तिजोरी कुणाची?”

“तुमी बांधाच्या दोन फुटासाठी भावावर किती वर्सं कोर्टात गेला?” तात्यांनी शांतपणे विचारलं.

“तो तत्त्वाचा प्रश्न होता.”

“अन् गणपतीची वर्गणी? तीबी तत्त्वाचीच का?”

इथून चर्चा घसरली. वर्गणीवरून मंडळाच्या जुन्या हिशोबावर, तिथून स्पीकर कुणी फोडला यावर. विलासराव म्हणाले, स्पीकर फोडला तेव्हा आपण गावातच नव्हतो. तात्या म्हणाले, “पीस स्टेशनला हुता.”

हसणं ओसरल्यावर बंडूनं मेहुण्याला फोन लावला, स्पीकरवर.

“दाजी, त्ये पत्र हाय का रं अजून?”

“पेटीत हाय की. गावाकडं.”

“आईला म्हणावं, काढून ठिव.”

“पेटीवर गादी टाकून म्हातारी झोपती. उठतच न्हाई. म्हंती, माजी जागा हाय.”

तात्या फोनकडे वाकून ओरडले, “आरं, मग पहिलं अपील तिच्याकडंच कर!”

पलीकडून मेहुणा गंभीरपणे म्हणाला, “दोनदा केलं. फेटाळलं.”

विलासराव सगळ्यात मोठ्यानं हसले. चहाचे पैसे मात्र बंडूनंच दिले.