‘लघवीत विषाणू सापडला, मग औषध का दिलं नाही?’

ताई, तुमचे आक्षेप दोन. भावाला बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतर महिन्याभराने लघवीतून रक्त जाऊ लागलं, ते केमोनेच झालं आणि मी विषाणूचं नाव पुढे करून डॉक्टरांना पाठीशी घालतोय, हा पहिला. दुसरा, विषाणूच होता तर रिपोर्ट पॉझिटिव्ह असून ‘नुसतं पाणी सोडत बसले’.

पहिल्यात निम्मं तुमचं खरं आहे. केमोतल्या सायक्लोफॉस्फमाइड या औषधापासून शरीरात ॲक्रोलीन नावाचं विषारी द्रव्य तयार होतं आणि लघवीवाटे जाताना ते मूत्राशयाचं अस्तर सोलून काढतं. मेस्ना हे मूत्राशय जपणारं औषध आणि भरपूर सलाईन देतात ते त्यासाठीच. पण त्याचा रक्तस्राव बहुधा औषधानंतरच्या काही दिवसांतच दिसतो. नव्या मॅरोतून रक्तपेशींचे काउंट वर आल्यावर सुरू झालेल्या रक्तस्रावात संशय आधी बीके विषाणूवर जातो. 1971 मध्ये किडनी बदललेल्या एका रुग्णाच्या लघवीत तो प्रथम सापडला. आपल्यापैकी बहुतेकांना तो लहानपणीच होऊन जातो, कळतही नाही, आणि पुढे किडनीत व मूत्रमार्गात निपचित पडून राहतो. विषाणूंना आवरणाऱ्या टी-पेशींचा पहारा उठला की वाढतो, त्यात अस्तर केमोने आधीच दुखावलेलं. म्हणजे केमो की विषाणू, असा हा वादच नाही. हाफ-मॅच, म्हणजे डोनर अर्धाच जुळणाऱ्या ट्रान्सप्लांटमध्ये, जिथे डोनरच्या पेशी दिल्यानंतरही सायक्लोफॉस्फमाइड देतात, हा त्रास जास्त दिसतो.

आता औषध. ट्रान्सप्लांट झालेल्या निम्म्याहून अधिक रुग्णांच्या लघवीत बीके सापडतो, रक्त मात्र थोड्यांनाच जातं. त्यामुळे नुसत्या पॉझिटिव्ह रिपोर्टवर उपचार होत नाहीत. रक्तस्राव असला तरी सिडोफोव्हिर हे विषाणूरोधी औषध किडनीला जड, आणि त्याचा उपयोग होतो याचा पुरावा लंगडा. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी करावीत तर जीव्हीएचडी, म्हणजे डोनरच्या पेशींचा रुग्णाच्याच शरीरावर हल्ला, डोकं वर काढतो. तयार विषाणूरोधी टी-पेशींवर मोठी आशा होती. पण अशाच पेशींच्या, पोसोल्यूसेल नावाच्या उपचाराच्या शेवटच्या टप्प्यातल्या चाचण्या 2023 अखेर थांबवाव्या लागल्या.

राहिलं ते ‘नुसतं पाणी’. तीन नळ्यांच्या कॅथेटरमधून मूत्राशयात सतत सलाईन सोडलं नाही, तर गुठळ्यांनी लघवी तुंबते, रुग्ण तळमळतो आणि किडनीवर ताण येतो. सोबत प्लेटलेट आणि वेदनाशामक. याला मी हलगर्जीपणा म्हणणार नाही. असं होऊ शकतं हे आधी कुणी समजावलं नाही, ही तुमची तक्रार मात्र शंभर टक्के रास्त.

रक्त अजून थांबलं नसेल, तर ॲडेनोव्हायरस या दुसऱ्या विषाणूची तपासणी झाली का, एवढं जरूर विचारा. तो मूत्राशयापुरता थांबेलच असं नाही. यकृत-फुप्फुसापर्यंत पोचू शकतो आणि तिथे सिडोफोव्हिरचं गणित बदलतं, किडनीचा धोका पत्करूनही ते द्यावं लागू शकतं.