कीटकशास्त्राच्या बैठकीत जिनिंगवाले कशाला? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. विदर्भ-मराठवाड्यासाठी कीड व्यवस्थापनावरच्या दोन दिवसांच्या बैठकीचा आराखडा मी मांडला. त्यावर तुमचे दोन आक्षेप आहेत. बैठक फेब्रुवारीऐवजी सप्टेंबरमध्ये, कपाशीची बोंडे पोखरणारी गुलाबी बोंडअळी शेतात दिसत असताना घ्यावी. आणि जिनिंगवाले (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखानदार), कृषी केंद्रवाले (बी-बियाणे, कीटकनाशके विकणारे दुकानदार) बोलावले तर शास्त्रीय दर्जा घसरेल.

सप्टेंबरमध्ये या विषयात काम करणारा माणूस कपाशीत असायला हवा. डोमकळ्या (अळी शिरल्याने न उमललेली, गुलाबाच्या कळीसारखी दिसणारी फुले) मोजायच्या असतात, हिरवी बोंडे फोडून पाहायची असतात. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या सापळ्यात, सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले की फवारणीचे ठरवावे लागते. नेमक्या त्या दिवसांत त्याला सभागृहात बसवले, तर ज्या नोंदींवर चर्चा करायची त्याच बुडतील. फेब्रुवारीत हंगामाचे आकडे हाती आलेले असतात आणि पुढच्या पेरणीला अजून अवकाश असतो.

शिवाय फेब्रुवारीत अळी संपलेली नसते, फक्त शेतातून हललेली असते. फरदड घेतलेल्या (हंगामानंतरही कपाशी उभी ठेवलेल्या) रानात, बांधावरच्या पऱ्हाट्यांच्या (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या) गंजीत, जिनिंगच्या आवारातल्या सरकीत ती सुप्तावस्थेत पडून राहते. कधी दोन सरक्या एकमेकींना चिकटवून त्यांच्या पोकळीत. तिथून निघालेले पतंग आसपासच्या लवकर पेरलेल्या कपाशीवर जातात. दोन जनुकांचे बीटी (बोंडअळ्यांना मारक प्रथिन तयार करणारे) कपाशीचे वाण २००६ मध्ये आले, तेव्हा या अळीचा प्रश्न मिटला असे अनेकांनी धरले होते. २०१७ मध्ये याच अळीमुळे महाराष्ट्राने काय भोगले ते तुम्हीही पाहिले आहे. बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत फवारा पोहोचत नाही, म्हणून तिला हंगामाबाहेरच गाठावे लागते. ती साठते ते आवार ज्याच्या ताब्यात आहे, त्याला सोडून आपण काय ठरवणार?

कृषी केंद्रवाल्यांबद्दल तर मी अजिबात मागे हटणार नाही. त्याच २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे गेली. कोणते औषध कशात मिसळायचे, हे बहुतेक शेतकरी दुकानाच्या काउंटरवर विचारतो, विद्यापीठात नाही. ते उत्तर चुकले तर जीव जातो. त्यामुळे काउंटरवरच्या माणसाशी बोलणे हे कीटकशास्त्राचेच काम आहे.

दर्जाची तुमची काळजी मात्र रास्त आहे. पहिला दिवस फक्त शोधनिबंधांचा राहील, सारांश आधी तपासले जातील, आणि सापळ्यांच्या कच्च्या नोंदी जोडल्याशिवाय निबंध घेतला जाणार नाही. निष्फळ ठरलेल्या प्रयोगांनाही वेळ देऊ. ट्रायकोकार्ड (किडीची अंडी मारणाऱ्या मित्रकीटकाची कार्डे) कुठे चालले नाहीत, हे कळणे मला तितकेच मोलाचे वाटते. भित्तिपत्रके मराठीत असतील, कारण दुसऱ्या दिवशी येणारी मंडळी ती उभी राहून वाचणार आहेत.

सप्टेंबरमध्ये एक दिवसाची शिवारफेरी जरूर घेऊ. तिची आखणी तुम्ही कराल का? तुमच्या भागातले कोरडवाहू आणि ओलिताचे असे दोन्ही प्लॉट सुचवा.