ताईने आखाजीला बोलायला हवं होतं

मार्च २०२५ मध्ये केरळच्या तेव्हाच्या मुख्य सचिव शारदा मुरलीधरन यांनी फेसबुकवर लिहिलं होतं, की त्यांच्या आधी त्याच पदावर त्यांचे मिस्टर होते आणि कोणीतरी बोललं, त्यांचं काम जेवढं गोरं तेवढं हिचं काळं. आमच्या धुळ्या-जळगावच्या फॅमिली ग्रुपवर ती बातमी जोरात फिरली, सगळ्यांनी शाब्बास म्हटलं, मलाही बरं वाटलं. पण मग त्याच ग्रुपवर बायोडाटा येतो, "मुलगी गोरी, सडपातळ", तेव्हा सगळे गप्प. २०२० मध्ये फेअर अँड लव्हलीचं नाव ग्लो अँड लव्हली झालं, शादी डॉट कॉमने रंगाचा फिल्टर काढला, तेव्हाही चार दिवस चर्चा झाली आणि घरातलं बोलणं होतं तसंच राहिलं.

मला हे टोचतं ते माझ्या भाचीमुळे. माझी चुलत बहीण इथे इंग्लंडमध्ये नर्स आहे, भाऊजी मूळचे घानाचे. लग्नाच्या वेळी सगळी भाऊबंदकी उलटली, काकांनी बोलणं टाकलं, ताई हटली नाही. पोरगी लहान असताना ताई तिच्या दाट कुरळ्या केसांना खोबरेल चोपडून कोरडेच ओढत विंचरायची, पोर किंचाळायची. मग भाऊजींच्या बहिणीने शिकवलं, केस ओले करायचे, कंडिशनर लावायचं आणि रुंद दातांच्या फणीने टोकाकडून हळूहळू वर सोडवत जायचं. ताई शिकली, रविवारची अख्खी दुपार त्यात घालवायची, म्हणजे माया कमी होती असं कोणी म्हणू नये.

इथे २००१ च्या जनगणनेपासून मिश्र वंशाचा वेगळा रकाना आहे, २०२१ ला इंग्लंड आणि वेल्समध्ये असे १७ लाख लोक निघाले. पण त्यात नाव घेऊन दिलेले तिन्ही पर्याय एका बाजूने गोरे, आईबाप भारतीय आणि आफ्रिकन असले तर "इतर" वर टिक करायची. शाळेतल्या इंडियन पोरीही तिला आपल्यात धरायच्या नाहीत. तिला आपली म्हणणारी एक आईच.

आणि ती आई आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, खान्देशात लेकी माहेरी येतात त्या सणाला, माहेरी गप्प बसली. काकांनी राग सोडल्यावर ताई लेकीला घेऊन गेली होती, लिंबाला झोका बांधलेला, घागर पुजून झालेली, जेवायला रस-पोळी, आणि वाढता वाढता कोणीतरी म्हटलं, "पोर हुशार शे, पन रंग बापवर गया." सगळ्यांना वाटलं पोरीला काय कळतंय, पण ताई घरात अहिराणीच बोलते, पोरीला सगळं कळलं. तिने आईकडे बघितलं तर आई पोळी वाढत होती.

आता ती युनिव्हर्सिटीत आहे, फोन मला करते, आईला मोजकेच. तिला वाटतं आईला आपलीच, म्हणजे लेकीची, लाज वाटते. ताई म्हणते, किती वर्षांनी माहेर मिळालं गं, परत तुटलं असतं. ताईची भीती मला समजते, इतकी वर्षं आखाजीला माहेर नसणं काय असतं ते खान्देशातल्या बाईला सांगावं लागत नाही, पण त्या माहेराची किंमत पोरीने का भरायची? ज्या बाईने नवऱ्यासाठी सगळ्यांना तोंड दिलं तिने लेकीसाठी एक वाक्य बोलायला पाहिजे होतं, अजूनही पाहिजे, तेही पोरीच्या देखत आणि अहिराणीतच, म्हणजे ज्यांनी म्हटलं त्यांनाही कळेल.

येत्या आखाजीला आम्ही तिघी जातोय. ताईला सांगून ठेवलंय, तू नाही बोललीस तर मी बोलेन, पण पोरीला ते तुझ्याकडून ऐकायचंय.