खुलासा: स्पार्क नाही म्हणजे कॉइलच गेली, असं नाही

ठाणे-नवी मुंबईतल्या जुन्या गाडीवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘पावसात पद्मिनी गाडी चालू होत नसेल तर प्लगची वायर हातात धरून बॉडीजवळ न्या, ठिणगी पडली नाही तर कॉइल बदला.’ (कॉइल म्हणजे बॅटरीच्या १२ व्होल्टचे ठिणगीसाठी हजारो व्होल्ट करणारा भाग.) कृपया असं करू नका. त्या वायरीत हजारो व्होल्ट असतात आणि शेजारीच कार्बोरेटरमधलं पेट्रोल. ठिणगी बघायचीच तर जास्तीचा प्लग वायरीला लावून त्याचं धातूचं अंग इंजिनाला घट्ट टेकवून अर्थ करा, हात लांब ठेवा.

कॉइलचं म्हणाल, तर तिच्या अलीकडे पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) आणि कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी दाबणारा भाग), पलीकडे रोटर (फिरून प्रत्येक प्लगला करंट वाटणारा), त्यावरची डिस्ट्रिब्युटरची कॅप, वायरी. घोडबंदर रोडच्या पाण्यातून गाडी काढली की कॅपमध्ये ओल धरते. आधी ती उघडून कोरडी करा. मग १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प एका टोकाला अर्थ करून, इग्निशन चालू ठेवून कॉइलच्या प्लसला लावा. पेटला नाही, तर करंटच पोचत नाही. पेटला, तर मायनसला लावून स्टार्टर मारा. दिवा लुकलुकला म्हणजे पॉइंट उघडझाप करतायत. सलग पेटून राहिला, तर बहुतेक पॉइंट काळे पडलेत. घासून त्यांच्यातलं अंतर (गॅप) लावलं की काम होतं. दिवा लुकलुकतोय, पण कॉइलच्या मधल्या वायरीलाच ठिणगी नाही, तेव्हा कंडेन्सर आणि कॉइलकडे वळा.

तो मेसेज पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.