इन्सुलिनच्या बाटल्या आणि दोन मडकी

काल रात्री मुलीच्या लॅपटॉपवर एक सिनेमा बघितला. भविष्यकाळातली गोष्ट, पण बनवणाऱ्यांच्या खिशात फार पैसे नव्हते हे लगेच कळतं. उडत्या गाड्या नाहीत, काचेचे मनोरे नाहीत. एक खोली, एक जिना आणि औषधाच्या खिडकीपुढची रांग. ज्याचा नंबर मंजूर, त्यालाच औषध. एका प्रसंगात बाई फ्रिज उघडते आणि आतला दिवा लागत नाही. तिथून पुढे मला बघवेना. उठून पडवीत जाऊन बसलो.

३ जून २०२०. निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि आमच्या हर्णैकडचीही धूळधाण करून गेलं. पोफळी मोडल्या, कौलं उडाली, विजेचे खांब आडवे झाले. रात्री आईने एकच विचारलं, "माझ्या इन्सुलिनचं काय रे?"

न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. फ्रिज बंद, आणि बर्फाचा कारखाना तरी विजेशिवाय कसा चालणार? मग मोठ्या मडक्यात ओली वाळू, त्यात छोटं मडकं, त्यात डबीत चार बाटल्या, वर ओलं फडकं. पावसाळी हवेत ते कितीसं गार होणार! तरी आई रात्री-अपरात्री उठून मडक्याला हात लावून बघायची, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा. वीज यायला कित्येक दिवस गेले.

म्हणून हा सिनेमा मला खरा वाटला. एका गोष्टीवरून मात्र माझं त्याच्याशी भांडण आहे. त्यात औषधाची किंमत पावसासारखी आभाळातून पडते. ती कोणी ठरवली, हे कोणी विचारतच नाही. अहो, किंमत माणसंच ठरवतात! इन्सुलिनचं पेटंट १९२३ मध्ये संशोधकांनी टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकलं. आपल्या १९७०च्या कायद्यात औषधावर पेटंट नव्हतं, फक्त ते बनवायच्या पद्धतीवर होतं. त्यामुळे तेच औषध दुसऱ्या रीतीने स्वस्तात बनवता यायचं. २००५ मध्ये ते बदललं, औषधावरही पेटंट मिळायला लागलं. तरीही मार्च २०१२ मध्ये यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरच्या एका औषधासाठी सरकारने सक्तीचा परवाना दिला, म्हणजे पेटंटवाल्याची मर्जी नसतानाही दुसऱ्या कंपनीला ते बनवू दिलं, आणि महिन्याला सुमारे २ लाख ८० हजारांचं औषध ९ हजारांच्या आत आलं. कायद्यातल्या एका कलमाच्या जोरावर! हे त्या रांगेतल्या एका तरी माणसाच्या तोंडी यायला हवं होतं.

ती मडकी अजून माजघरात उपडी ठेवलेली आहेत. मे सरत आला की आई स्वतःच ती धुऊन उन्हात वाळवते.