चक्र मरणाला देत नाहीत

कारगिल विजय दिवस जवळ आला की एक मेसेज नेमाने फिरतो. यंदाही गावच्या ग्रुपवर आलाच: "परमवीर चक्र जिवंत माणसाला देत नाहीत. इंग्रजांच्या व्हिक्टोरिया क्रॉसचाही तोच नियम. लढाईत वीरमरण आलं की चक्र मिळतंच, नाही मिळालं तर तो सरकारचा अन्याय." खाली हात जोडलेल्यांची रांग. भावना कळते हो, पण मजकूर तपासायला नको?

आजवर परमवीर 21. त्यातले 14 मरणोत्तर, 7 जणांना जिवंतपणी. खुद्द कारगिलचे चार घ्या: मनोज पांडे आणि विक्रम बत्रा गेले, संजय कुमार आणि योगेंद्रसिंह यादव परतले. यादवांचं चक्र तर आधी 'मरणोत्तर' म्हणून जाहीर झालं होतं, आणि ते इस्पितळात उपचार घेत होते! 1962 च्या मेजर धनसिंग थापांचंही तसंच. ते चीनच्या कैदेत जिवंत निघाले. मरणाची अट असती तर दोघांचीही चक्रं काढून घ्यावी लागली असती. कारवारकडचे रामा राघोबा राणे 1948 मध्ये नौशेरा-राजौरी वाटेवर सुरुंग काढत राहिले, जखमी झाले, आणि परमवीर मिळाल्यावर पुढे कितीतरी वर्षं जगले.

व्हिक्टोरिया क्रॉस म्हणजे इंग्रजांचं सर्वोच्च युद्धपदक. त्याचं उत्तर आपल्याच मातीत आहे. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फंट्री, दुसरं महायुद्ध, इटली, 10 जुलै 1944. मशीनगनच्या माऱ्यात त्यांच्या छोट्या तुकडीतले बाकी सगळे पडले. हा गडी एकटा चालून गेला. हातबॉम्बने मशीनगन आणि तिचा गनर उडवला, टॉमीगनने एकाला टिपलं. मॅगझिन बदलायला सवड नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने ठेचलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून ते तिथेच कोसळले. क्रॉस मरणोत्तर. आता त्याच रेजिमेंटचे नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव पाहा. एप्रिल 1945, इटलीतलीच सेनिओ नदी. दोन जखमींना पाण्यातून आणि सुरुंगांतून आणलं, मशीनगनची ठाणी बंद पाडली. क्रॉस मिळाला, आणि जाधव 1984 पर्यंत होते.

"मिळतंच" हे तर साफ खोटं. कारगिलमध्ये आपले 527 जण गेले, परमवीर चारच, त्यातले मरणोत्तर दोनच. चक्र कृतीला असतं. इंग्रजी फौजेत तर 1979 पर्यंत व्हिक्टोरिया क्रॉसच्या खालची बहुतेक शौर्यपदकं मरणोत्तर देण्याची सोयच नव्हती. तिथे गेलेल्याचा क्रॉस हुकला तर बहुधा उरायचा फक्त खलित्यातला, म्हणजे सेनापतीच्या लेखी अहवालातला, उल्लेख.

अन्यायाची तक्रार मात्र मी सरसकट उडवून लावणार नाही. शिफारस पलटणीतून वर जाते आणि ती पाहणाऱ्यांच्या जबानीवर उभी राहते. पाहणारेच उरले नाहीत तर? 1962 मध्ये चीनशी लढताना लडाखमधल्या रेझांग ला खिंडीत मेजर शैतानसिंग यांची जवळजवळ सगळी कंपनी कापली गेली. वाचलेल्या मोजक्यांनी सांगितलेलं आधी लोकांना खरं वाटेना. पुढच्या फेब्रुवारीत बर्फात मृतदेह सापडले, तेव्हा कित्येकांच्या हातात शस्त्रं तशीच होती.