‘ट्रक दिसला म्हणूनच बाजूला होता ना?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘एक जुना वाचक’ यांस,

तुम्ही लिहिता, “समोरून ट्रक आला की तुम्ही मेंदूत जग रचत बसता, की दिसला म्हणून बाजूला होता? चार पुस्तकं अर्धवट वाचली की असे लेख होतात.” पहिलं वाक्य प्रश्न आहे, दुसरा शुद्ध टोमणा. मी काय वाचलंय आणि किती, हे तुम्हाला कुठून कळलं? लेखावरून अंदाज बांधलात, आणि बांधल्याचं तुमच्या ध्यानातही आलं नाही. माझा लेख नेमका याच सवयीबद्दल होता: डोळ्यांना मिळालेल्या अपुऱ्या खुणांवरून मेंदू नकळत अंदाज बांधतो, आणि तो अंदाजच आपल्याला ‘दिसतो’.

एक मान्य. ‘आपण जग पाहतच नाही’ हे त्या लेखाचं शीर्षक जरा भडक होतं. शीर्षकापाशीच थांबणाऱ्या वाचकांचा विचार करायला हवा होता.

आता तुमचा ट्रक. प्रकाश डोळ्यात शिरल्यापासून ‘दिसलं’ अशी जाणीव होईपर्यंत साधारण दशांश सेकंद जातो. ताशी ६० किलोमीटरने येणारा ट्रक तेवढ्यात दीड मीटरहून जास्त पुढे सरकतो. म्हणजे तुम्ही ‘नुसतं पाहून’ वागलात तर ट्रक क्षणापूर्वी जिथे होता तिथून पळाल, आत्ता आहे तिथून नाही. शिवाय ट्रक आणि मोटारसायकल एकाच क्षणी पोचणार असली, तरी मोटारसायकल उशिरा येईल असं माणसांना वाटतं. आकाराने लहान दिसणारं दूरचं, हा हिशोब आपल्या नकळत होतो. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी १८६७ मध्ये यालाच अबोध अनुमान म्हटलं. ‘रचत बसणं’ तुमचे शब्द. बसायला वेळ असतो असं मी कुठेही लिहिलेलं नाही.

आणि हे मला कोणी पुस्तकातून शिकवायला नको. माझा डावा डोळा लहानपणापासून आळशी आहे, म्हणजे त्याच्याकडून आलेलं मेंदू फारसं वापरत नाही. दोन डोळ्यांच्या प्रतिमांमधल्या फरकातून मिळणारी खोली मला जवळजवळ मिळतच नाही. तरी मी जिने उतरतो, रस्ता ओलांडतो, गाडीही चालवतो. कोणती वस्तू कोणाला झाकते, सावली कुठे पडते, मान हलवली की जवळचं किती झपाट्याने सरकतं, यावरून अंतर ठरतं. चेंडू झेलताना मात्र हा कारभार उघडा पडतो. शाळेत त्यावरून पुष्कळ हसून झालं आहे. दोन्ही डोळे धड असणाऱ्याला सगळं ‘सरळ दिसतं’ असं वाटणं साहजिक आहे, पण म्हणून त्याने इतरांना अर्धवट ठरवू नये.

मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांचं नाव तुम्ही तोंडावर फेकलंत. भोवतालच्या प्रकाशातच पुरेशी माहिती असते, अनुमानाची गरज नाही, हे त्यांचं म्हणणं मला ठाऊक आहे. त्यावर वेगळं लिहावं लागेल, इथे नको.

राहिला शेवटचा आक्षेप, की दृष्टिभ्रम हे प्रयोगशाळेतले खेळ, रोजच्या जगण्यात त्यांना जागा नाही. दृष्टिपटलावर, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यावर, जिथून मज्जातंतू बाहेर पडतो तिथे काहीच दिसत नाही, हे फ्रेंच शास्त्रज्ञ मारिओत यांनी सतराव्या शतकातच दाखवलं. तो अंधबिंदू तुम्हालाही आहे, आणि एक डोळा मिटून ही ओळ वाचलीत तरी तुम्हाला पानावर भोक दिसणार नाही; मेंदू ती जागा भरून टाकतो. प्रयोगशाळेत बसून वाचताय का?